इंधन बदलले, इंजिनाचे काय?

मोटारगाडीचे इंजिन उघडून तिचा वेग वाढवीत बसणे हा सुखवस्तू घरांतील तरुणांचा रिकामपणाचा उद्योग आहे, असे आमच्या बहुसंख्य वाचकांचे मत असेल आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. रात्री-अपरात्री महामार्गावरून कर्कश आवाज करीत जाणाऱ्या गाड्यांनी ज्यांची झोपमोड होते, त्यांना या छंदाविषयी ममत्व वाटण्याचे कारणही नाही. परंतु ज्या गोष्टीकडे आपण छंद म्हणून पाहतो, तिच्यातच एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. टर्बोचार्जर बसविलेली वेगवान मोटार पेट्रोलऐवजी इथेनॉलवर, म्हणजे मद्यार्कावर, चालविण्यासाठी इंजिनाची जी जुळवणी करावी लागते, ती या प्रकारची गोष्ट आहे. देशातील प्रत्येक पेट्रोल पंपावरून वीस टक्के मद्यार्क मिसळलेले इंधन विकले जात असताना त्या जुळवणीचे शास्त्र समजून घेणे हे शौकिनांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास हवे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा तप्त धूर एका चक्राला फिरवितो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जितकी हवा अधिक तितके इंधन अधिक जाळता येते आणि तितकी शक्ती अधिक मिळते. परंतु हवा दाबली की ती तापते. त्यातच सिलिंडरमधील दाब वाढत गेला, की ठिणगीने पेटविलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपसूक भडकते आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते काही क्षण चालले तर कुरकुर, आणि टिकून राहिले तर पिस्टनला भोक, असा त्याचा क्रम असतो. टर्बो इंजिनाच्या शक्तीला वेसण घालणारा खरा शत्रू म्हणजे हा ठोका. हवेची टंचाई हे त्याचे दुखणे नव्हे.

येथेच मद्यार्काचा गुण कामी येतो. ठोक्याला विरोध करण्याची इंधनाची क्षमता 'ऑक्टेन' या मापाने मोजतात. आपल्याकडील साध्या पेट्रोलचे ते माप दीर्घकाळ ९१ राहिले. शुद्ध इथेनॉलचे १०८ च्या आसपास आहे. दुसरा गुण थंडाव्याचा. हातावर स्पिरिट ओतले असता गारवा वाटतो, हा अनुभव प्रत्येकाने दवाखान्यात घेतला आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. एक किलो इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता ओढून घेते आणि तेवढ्याच हवेत ते जाळावेही अधिक लागते. म्हणजे प्रत्यक्ष थंडावा जवळजवळ चौपट होतो. टर्बोने तापविलेल्या हवेला याहून चांगला उतारा कोणता? मग ठिणगी अधिक लवकर पाडता येते, हवेचा दाब वाढविता येतो आणि त्याच इंजिनातून पूर्वी न मिळालेली शक्ती मिळते.

ही काही गॅरेजमधील वल्गना नव्हे. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ साली 'बायोपॉवर' नावाची टर्बो गाडी विक्रीस आणली. पेट्रोलवर ती १५० अश्वशक्ती देई आणि ८५ टक्के इथेनॉल असलेल्या 'ई-८५' या इंधनावर १८०. त्याच देशातील कोएनिगसेग या कारखान्याने २०१९ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली 'येस्को' पेट्रोलवर १,२८० आणि ई-८५ वर १,६०० अश्वशक्ती देते, असे तिचे निर्माते सांगतात. अमेरिकेत १९६४ च्या इंडियानापोलिस शर्यतीत पेट्रोलच्या भडक्यात दोन चालक जळून मेल्यानंतर पुढील वर्षापासून तेथे मद्यार्क वर्गातील मिथेनॉलचा स्वीकार झाला. २००७ मध्ये त्या शर्यतमालिकेने इथेनॉल पत्करले आणि २०१२ पासून तेथील टर्बो इंजिने ई-८५ वर धावू लागली. मद्यार्काची आग पाण्याने विझते, हेही त्यामागचे एक कारण होते.

हे आकडे वाचून कोणी असे समजेल, की पेट्रोलच्या टाकीत मद्यार्क ओतला की गाडी आपोआप बलवान होते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे, आणि आमच्या लेखाचा मुद्दाही तोच आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच उष्मांक असतात. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ किलो. कारण त्याच्या वजनापैकी सुमारे ३५ टक्के प्राणवायूच असतो. तेवढ्याच हवेवर दोन्ही इंधने जवळजवळ सारखीच उष्णता देतात. म्हणजे अधिक शक्ती इंधनाच्या पोटातून येत नाही. ते इंधन इंजिनाला जे करू देते, त्यातून ती येते. ती मुभा जो कारागीर वापरील त्याला लाभ, आणि जो वापरणार नाही त्याच्या पदरी केवळ वाढीव खर्च.

आणि ही मुभा वापरण्यासाठी काय काय करावे लागते पहा. तेवढीच हवा जाळण्यास ई-८५ पेट्रोलहून सुमारे दीडपट वजनाने लागत असल्याने मोठे इंजेक्टर बसवावे लागतात. इंधनाचा पंप अधिक ताकदीचा घ्यावा लागतो. ज्या रबरी नळ्या व वायसर मद्यार्काने फुगतात वा चिरतात, ते बदलावे लागतात. जस्त, मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना गंज चढतो, म्हणून तेथे वेगळा मुलामा असलेले भाग घालावे लागतात. जुन्या टाकीतील साचलेला गाळ मद्यार्क मोकळा करतो. तो फिल्टरमध्ये अडकतो आणि पहिल्या काही दिवसांतच फिल्टर बदलावा लागतो. थंड इंजिनात न जळलेला मद्यार्क व पाणी वंगणात उतरते, म्हणून ऑइलही लवकर बदलावे लागते. टाकीतील मद्यार्काचे प्रमाण ओळखणारा सेन्सर नळीत बसवून तो इंजिनाच्या संगणकाशी जोडावा लागतो, कारण पंपापंपावर हे प्रमाण बदलते. थंडीत शुद्ध मद्यार्क पेटतच नाही. स्वीडनमध्ये हिवाळ्यात त्यातील पेट्रोलचा अंश वाढवीत असत आणि ब्राझीलमधील जुन्या गाड्यांत नुसत्या सुरुवातीसाठी पेट्रोलची वेगळी लहान टाकी असे. हे सर्व झाल्यावर मग धुरातील प्राणवायू मोजीत, ठोक्यावर कान ठेवीत, ठिणगीची वेळ अंशाअंशाने पुढे नेत संगणकातील तक्ता नव्याने लिहावा लागतो.

गोमंतकाला संगीत नवे नाही. मैफलीत सूर बदलला तर तंबोरा पुन्हा लावावा लागतो, हे येथील शाळकरी पोरालाही कळते. तारा जुन्याच स्वराला ठेवून गवयाला नव्या पट्टीत गाण्याचा हुकूम देणाऱ्याला आपण काय म्हणू? देशातील जुन्या वाहनांबाबत मात्र आज नेमके हेच घडले आहे.

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झाला. २०१४ पर्यंत प्रत्यक्षात हे प्रमाण दीड टक्क्यावर रेंगाळले होते. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० बाजारात आले आणि २०३० साठी ठरविलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढून २०२५ मध्ये पुरे करण्यात आले. सरकारी कामे वेळेवर होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी या गतीचे कौतुकच करावयास हवे, आणि आम्हीही ते करतो. परंतु नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच स्पष्ट नोंदविले होते, की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांची इंधनक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी, आणि तशाच दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल. ई-२० साठी मुद्दाम जुळविलेल्या चारचाकींत ही घट केवळ एक ते दोन टक्के राहील, असेही तेथे म्हटले होते. या दोन आकड्यांमधील अंतर हीच जुळवणीची किंमत आहे. ती कोणी भरावयाची? तो आराखडा ग्राहकाच्या भरपाईसाठी करसवलतीचा विचार करण्यास सुचवीत होता. प्रत्यक्षात २०२५ मध्ये शासनाने सांगितले, की इथेनॉलची खरेदीच आता शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलहून महाग पडते. मग सवलत कसली? मायलेज कमी, दर तोच, आणि दुसरे इंधन घेण्याची सोय नाही, अशी ही तिहेरी पकड आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशभर ओरड झाली. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळण्यात आली. न्यायालयाच्या निर्णयाविषयी आम्हाला काही म्हणावयाचे नाही. धोरण ठरविणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते ज्यांचे काम आहे त्यांच्याशीच आमचा वाद आहे.

हा वाद श्रीमंतांच्या टर्बो मोटारींसाठी नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. ज्याच्या गाडीत इंजेक्टर, सेन्सर व संगणक आहे, त्याचे इंजिन धुरातील प्राणवायू पाहून मिश्रण काही मर्यादेपर्यंत आपले आपण सावरते. पैसा असलेला मालक उरलेली जुळवणीही करून घेईल. परंतु आपल्या राज्यात 'पायलट' म्हणून ओळखला जाणारा मोटारसायकलवाला पहा. देशात दुचाकींना इंजेक्टर सक्तीने आले म्हणावयाचे ते एप्रिल २०२० पासून. त्याआधीच्या बहुसंख्य दुचाकींना साधा कार्ब्युरेटर आहे. त्याला मद्यार्क ओळखता येत नाही, मोजता येत नाही, भरपाई करता येत नाही. त्याच्या दृष्टीने इंधन सुमारे सहा-सात टक्के विरळ झाले आणि इंजिन तेवढ्याने अधिक तापू लागले. महिन्याला तीन हजारांचे पेट्रोल जाळणाऱ्या पायलटाला साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा शंभर रुपयांवर भुर्दंड बसतो. शंभर रुपये हा सचिवालयात आकडा नसेल. म्हापशाच्या वा मडगावच्या स्टँडवर तो आकडा आहे.

दुसरा मनुष्य रापणकार वा होडीवाला. पेट्रोलवरील आऊटबोर्ड यंत्रांचे जगातील बहुतेक निर्माते दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल वापरू नका असे आपल्या पुस्तिकांत छापतात. कारण उघड आहे. मद्यार्काला पाण्याची ओढ आहे. तो हवेतील दमट अंशही शोषून घेतो, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की मद्यार्क पेट्रोलची सोबत सोडून पाण्यासह टाकीच्या तळाशी बसतो. पंपाची नळी टाकीच्या तळाशीच असते. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असताना यंत्र बंद, टाकी अर्धी भरलेली आणि बाहेर कोकणचा पाऊस. याहून अनुकूल परिस्थिती या बिघाडाला कोणती हवी? रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते. समुद्रात यंत्र बंद पडले तर काय होते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावयास नको. पंपाच्या भूमिगत टाकीतही पावसाळ्यात पाणी झिरपू शकते. पूर्वी ते तळाला वेगळे राहून निथळून काढता येई, आता ते इंधनात मिसळते. दिल्लीच्या कोरड्या हवेत आखलेले धोरण कोकणच्या दमट किनाऱ्यावर आणताना कोणी याचा स्वतंत्र विचार केला आहे काय?

आमच्यावर असा आरोप होईल, की आम्ही शेतकऱ्याच्या व स्वदेशी इंधनाच्या विरोधात बोलतो. तसे मुळीच नाही. खनिज तेलाच्या आयातीवर देशाचे परकीय चलन वाहून जाते ते थांबावे, बेळगाव-कोल्हापूरच्या ऊसवाल्याला साखरेच्या भावावर टांगून राहावे लागू नये, हे सर्व आम्हाला मान्य आहे. आपल्या धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या सुमारास थांबले आणि तेव्हापासून तेथील ऊसउत्पादक इथेनॉल प्रकल्पाच्या आश्वासनाकडे डोळे लावून बसला आहे. त्याची आशा फोल ठरावी असे कोणता गोमंतकीय म्हणेल? परंतु त्याच उसाच्या बाबतीत सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि पुढील वर्षी ते उठविले, हेही विसरून चालणार नाही. पावसावर अवलंबून असलेले इंधन एका वर्षी विपुल व दुसऱ्या वर्षी दुर्मिळ होणार. म्हणूनच ग्राहकाला दोन इंधनांत निवड हवी.

ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, तेव्हा ते पुरते द्यावे. गोव्याचे व त्या देशाचे नाते जुने आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तेथला काजू येथे आला आणि त्याची आपण फेणी केली. आपल्या उपखंडातला ऊस अरबांच्या व पोर्तुगीजांच्या हातून तेथे पोहोचला आणि त्याचे त्यांनी इंधन केले. परंतु ते त्यांनी एका रात्रीत केले नाही. १९३१ मध्ये तेथे पाच टक्के मिश्रणाचा हुकूम निघाला. १९७५ मध्ये राष्ट्रीय मद्यार्क योजना आली, १९७९ मध्ये केवळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आली आणि २००३ पासून कोणतेही मिश्रण पचविणाऱ्या 'फ्लेक्स' गाड्या निघू लागल्या. तेथील साध्या पेट्रोलमध्येही २०१५ पासून २७ आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मद्यार्क आहे खरा. परंतु आधी इंजिने त्याजोगी झाली. शिवाय त्याच पंपावर इथेनॉल वेगळ्या नळीतून वेगळ्या दराने मिळते, आणि त्याचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून खाली असेल तरच घ्यावे, हा हिशेब तेथला सामान्य चालक तोंडी करतो. स्वीडननेही २००६ च्या कायद्याने मोठ्या पंपांना नवीकरणक्षम इंधन ठेवण्याची सक्ती केली. ती पेट्रोलच्या शेजारी ठेवण्याची होती, पेट्रोलच्या जागी नव्हे.

घाईने घेतलेल्या इंधनविषयक निर्णयाची किंमत जगाने पूर्वी एकदा मोजली आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले, की शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तरी पेट्रोलचा ठोका थांबतो. मद्यार्कानेही तो थांबतो हे तेव्हा ठाऊक होते. परंतु शिसे स्वस्त, आणि त्याच्या एकाधिकारात पैसा होता. १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनविणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले, तरी शिसे गेले नाही. भारतातून ते २००० साली आणि अल्जीरियातून, म्हणजे जगाच्या शेवटच्या पंपावरून, २०२१ साली हद्दपार झाले. शंभर वर्षे मुलांच्या रक्तात शिसे गेले. मद्यार्क विषारी शिशासारखा नव्हे. उलट त्या वेळी त्याची निवड झाली असती तर बरे झाले असते. धडा एवढाच, की इंधनात काय मिसळले आहे हे विचारण्याचा अधिकार नागरिकाने सोडू नये.

आपल्या तरुण यांत्रिकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. त्यांच्या कौशल्याविषयी आम्हाला आदर आहे. कान व हात यांनी मिळविलेली विद्या पदवीहून कमी नसते. परंतु निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मज्जाव करते. दीडपट शक्तीच्या गाडीला दीडपट ब्रेक व दीडपट शहाणपण लागते, आणि आपले अरुंद, वळणावळणाचे रस्ते शर्यतीसाठी बांधलेले नाहीत. ही विद्या शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर वापरावी; आणि त्याहून बरे म्हणजे ती तंत्रनिकेतनांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या अभ्यासक्रमात घेऊन जुन्या वाहनांच्या कायदेशीर, प्रमाणित जुळवणीसाठी कामाला लावावी. जे हात हौशी धनिकाच्या टर्बोसाठी राबतात, तेच पायलटाच्या कार्ब्युरेटरचे जेट बदलून व नळ्या बदलून त्याचे इंजिन वाचवू शकतील.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत व कोकणीत लिहिलेले असावे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या वाहनांसाठी आणि मासेमारीच्या यंत्रांसाठी दहा टक्क्यांपर्यंतचे इंधन निदान प्रत्येक तालुक्यात एका पंपावर व प्रत्येक मच्छीमार जेटीवर मिळावे. पावसाळ्याच्या महिन्यांत पंपांच्या टाक्यांतील पाण्याची तपासणी राज्य सरकारने स्वतः करून निकाल जाहीर करावा. कमी उष्मांकाचे इंधन विकताना दरही त्या हिशेबाने कमी असावा. दुधात पाणी घालून दुधाचाच भाव घेणाऱ्या गवळ्याला आपण जो न्याय लावतो, तोच तेल कंपन्यांना लागावा. आणि वाहन-निर्मात्यांनी कोणत्या वर्षाच्या कोणत्या वाहनाला काय बदलावे लागेल याची लेखी यादी द्यावी.

मद्यार्क हे चांगले इंधन आहे. ज्याने त्याच्याजोगे इंजिन बनविले त्याला त्याने दीडशेच्या जागी एकशे ऐंशी अश्वशक्ती दिली. ज्याने काहीही न बदलता ते टाकीत ओतले, त्याला मात्र कमी मायलेज आणि गंजलेली नळी एवढेच मिळाले. शासनाने यांपैकी दुसऱ्या मनुष्यासारखे वागू नये, आणि त्या वागण्याचे बिल पायलटाच्या व होडीवाल्याच्या नावे फाडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.